बोरीबंदरचे जलव्याल

साताऱ्यास आमच्या वाड्याच्या मागल्या चौकात, जेथे तिन्ही बाजूंच्या छपरांचे पाणी एकवटून खाली येई तेथे, भिंतीतून हातभर पुढे आलेली काळ्या पाषाणाची एक पन्हळ होती, आणि तिच्या टोकाशी कोणा पाथरवटाने, मगरीचे म्हणावे की सिंहाचे म्हणावे असा संभ्रम पडावा अशा घाटाचे, एक तोंड कोरून ठेवले होते. उन्हाळ्यात त्या तोंडाकडे कोणी ढुंकून पाहत नसे. चिमण्या त्याच्या जबड्यात काड्या आणून ठेवीत आणि आम्ही मुले त्याच्या नाकावर नेम धरून चेंडू मारीत असू. परंतु मृगाच्या सरी सुरू झाल्या, कौलांवरून पाणी धावू लागले, आणि त्या जबड्यातून सुटलेली धार फरशीवर तुषार उडवीत कोसळू लागली, की तोच मुका दगड एकाएकी जिवंत होई, आणि मी आजीच्या पदराआडून त्याच्याकडे पाहत उभा राही. पाऊस आधी ते तोंड पिते आणि उरलेला आपल्याला देते, असे आजी सांगे. अशा मुखाला मकरमुख आणि पाणी वाहून नेणाऱ्या दगडी नळाला प्रणाल म्हणतात, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. तोवर वाटण्या होऊन वाडा उतरवला गेला होता. सागवानी खांब, तुळया आणि मदली यांचा हिशेब वाटणीपत्रात तपशीलवार रुजू झाला. त्या दगडी तोंडाचा उल्लेख मात्र कोणत्याच कलमात नव्हता, आणि ते राडारोड्याच्या कोणत्या गाडीतून कोठे गेले, याचा पत्ता मला आजतागायत लागलेला नाही.

ती हळहळ मनात राहून गेली म्हणून असेल, परंतु जुन्या इमारतींच्या अंगावर कोरलेले पशुपक्षी, मुखवटे आणि वेलबुट्ट्या पाहण्याचा छंद मला तेव्हापासून जडला. मुंबईच्या कोट विभागातील ज्या इमारतींखालून मी कचेरीच्या कामासाठी शंभरदा तरी मान खाली घालून गेलो होतो, त्या एकदा ऐन आषाढात, मुद्दाम भर पावसात जाऊन पाहावयाच्या, असा संकल्प गेली कित्येक वर्षे मनात होता. तो यंदा सिद्धीस गेला. पाहुण्यांस मुंबई दाखवावयाची ती थंडीत, असा रिवाज आहे. पण ज्या शिल्पाचा जन्मच पावसाच्या पाण्याची तजवीज लावण्यासाठी झाला, ते कोरड्या आभाळाखाली पाहणे म्हणजे स्थिर जात्याकडे पाहून दळणाची कल्पना करण्यासारखे आहे. रात्री साताऱ्यास महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. घाटात पाऊस खिडकीच्या काचांवर मुठी आपटीत होता, आणि सकाळी गाडी मुंबईस पोचली तेव्हाही त्याचा जोर कमी झालेला नव्हता. स्थानकाचे नाव आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असले, तरी माझ्या वडिलांच्या पिढीची माणसे त्यास बोरीबंदरच म्हणत, आणि माझ्याही तोंडी तेच नाव आधी येते. छत्री उघडून रस्ता ओलांडला, समोरच्या इमारतीच्या कमानीखाली उभा राहिलो आणि मान वर केली.

इंग्रज ज्याला गार्गॉइल म्हणतो त्या वस्तूला आपल्याकडे रूढ नाव नाही. मी माझ्यापुरते तिला जलव्याल म्हणतो. फ्रेंच भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ घसा असा आहे, आणि आपल्या 'घळघळ' शब्दाप्रमाणेच त्यातही पाण्याचा आवाज भरलेला आहे. फ्रान्समधल्या रूआँ नगरीत अशी आख्यायिका सांगतात की, सातव्या शतकात रोमानुस नावाच्या बिशपने सेन नदीकाठच्या एका जलराक्षसाला वश करून नगरात आणले व जाळविले. धड जळाले, परंतु जन्मभर आग ओकल्यामुळे निबर झालेले त्याचे डोके व मान जळेना, म्हणून ते चर्चच्या भिंतीवर बसविण्यात आले. आख्यायिकेचे मोल असेल ते असो. त्यामागची निकड मात्र गवंड्याची आहे. उंच दगडी भिंतीवरून पावसाचे पाणी ओघळत राहिले तर सांध्यांतला चुना हळूहळू धुपून जातो आणि भिंत पोकळ होते. म्हणून छपराच्या कडेला पन्हळ करावयाची आणि तिचे तोंड भिंतीपासून जितके दूर नेता येईल तितके न्यावयाचे. एवढा लांब दगड अधांतरी पुढे काढावयाचाच आहे, तर त्याला मान, जबडा आणि डोळे का देऊ नयेत, असे त्या मध्ययुगीन पाथरवटांस वाटले. ज्या मूर्तीतून पाणी वाहत नाही, जी केवळ शोभेसाठी वा भयासाठी बसवलेली असते, तिला जाणकार इंग्रज गार्गॉइल म्हणत नाहीत. पॅरिसच्या नोत्र दामच्या सज्जावर कोपर टेकून शहराकडे पाहणारे जे शिंगाडे भूत चित्रांतून जगभर गेले आहे, ते असेच शोभेचे. आणि ते मध्ययुगीनही नव्हे, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिओले-ल-द्युक याने केलेल्या जीर्णोद्धारात बसवलेले आहे. म्हणजे पॅरिसचे ते प्रसिद्ध भूत आणि बोरीबंदरचे हे पशू यांच्यात केवळ पिढी-दीड पिढीचे अंतर आहे. एकाच लाटेने दोघांस किनाऱ्यावर आणले.

ती लाट मुंबईस पोचली ती कापसाच्या पैशावर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू असता तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आपला कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, आणि त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या अमदानीत जुन्या कोटाचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या सरकारी इमारतींचे नकाशे मंजूर होऊ लागले. तेजी ओसरली, पुष्कळांची दिवाळी निघाली. इमारती मात्र उभ्या राहिल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या या इमारतीचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने १८७८ साली हाती घेतले आणि ते सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली म्हणून तिचे नाव स्थानकास देण्यात आले. खर्च सोळा लाख रुपयांच्या वर गेला. स्टीव्हन्सच्या हाताखाली देखरेखीस सीताराम खंडेराव हे आपले एक अभियंता होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. घुमटावर हातात मशाल उंचावून उभी असलेली प्रगतीची मूर्ती आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह व वाघ, एक इंग्लंडचा नि दुसरा हिंदुस्थानचा, ही थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची कामे. परंतु खिडक्यांच्या कमानी, खांबांचे माथे, वर्तुळे आणि कंगोरे यांवरचे असंख्य बारीक कोरीवकाम येथल्याच, जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले.

अर्धा तास मी त्या कमानीखाली उभा होतो, आणि नजर जसजशी सरावली तसतशी भिंत जणू बोलकी होत गेली. प्रथम दिसला तो पिसारा पसरलेला मोर; मग पानांच्या जाळीतून डोकावणारी माकडे, शेपटी पाठीवर वळवून बसलेली खार, विळखा घातलेला साप. त्यांच्यावर, घुमटाच्या आणि बुरुजांच्या अंगाला, माना पुढे काढून ओठंगलेले जलव्याल; कोठे निशाणे व परशू धरून बसलेले विचित्र देहाचे पशू; आणि त्यांच्या खाली, गोल चौकटींतून, रेल्वेच्या संचालकांचे मुखवटे, त्यांत जमशेटजींचा आणि आपल्या नाना शंकरशेटांचाही. याखेरीज मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींचे नमुनेदार चेहरे आहेत, आणि त्यांची पागोटी! पगडीची घडी कोठे दबते, पागोट्याचा पीळ कपाळावर कसा चढतो, हे ज्याने कोरले त्याने ते आपल्या घरच्या माणसांच्या डोक्यावर पाहिलेले होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. गॉथिक चर्चच्या भिंतीवर ओकची पाने आणि युरोपातले प्राणी असावयाचे. येथे त्याच जागी खार आणि वानर आले, ते काही नकाशाबरहुकूम आलेले नसावेत. आराखड्यात प्राणी काढावा एवढीच रेघ असेल, आणि कोणता, हे छिन्नी धरणाऱ्या पोराने आपल्या मनाशी ठरवले असेल, अशी माझी समजूत आहे.

मी ज्यासाठी आलो होतो ते मात्र घडेना. पाऊस धो धो कोसळत होता, आणि मला दिसत होते त्यांपैकी एकाही जबड्यातून धार येत नव्हती. भिंतीला लगटून लोखंडी नळ खाली उतरले होते व छपराचे पाणी त्यांच्या वाटेने मुकाट जमिनीत जात होते. त्या पशूंची वहिवाट जणू दुसऱ्याच्या नावावर चढली होती. मन खट्टू झाले. पण मग एका व्यालाकडे टक लावून पाहू लागलो, तेव्हा निराळेच काही दिसले. त्याच्या कपाळावर पडलेले पाणी भुवयांच्या खाचांतून नाकाच्या दोन्ही अंगांनी उतरत होते, गालांवरून जबड्याच्या कडेस येत होते, आणि खालच्या ओठाच्या टोकाशी क्षणभर थबकून तेथून थेंबामागे थेंब असे गळत होते, की दुरून पाहणाऱ्यास तो धारच सोडतो आहे असे वाटावे. त्याच्या शेजारी जो होता त्याची हनुवटी झिजून गुळगुळीत झालेली होती. त्याच्या ओठाशी आलेले पाणी खाली न पडता हनुवटीच्या बुडाला चिकटून उलट मागे सरकत होते आणि भिंतीवर पोचून तेथे काळा ओघळ उमटवीत होते. एका ओठाची कड शाबूत आणि दुसऱ्याची झिजलेली, एवढ्याच फरकाने एक भिंत स्वच्छ आणि दुसरी काळी. चाळीस वर्षे पुस्तकांतून जे मला नीट उमगले नव्हते, ते त्या दोन तोंडांनी पाच मिनिटांत समजाविले.

आडोशाला उभ्या असलेल्या एका वयस्क हमालाने, लाल सदरा पिळीत, मला विचारले, "काका, मघाधरनं वर काय बघताय? कुणाची वाट बघताय का?" बोलण्यातली लकब ओळखीची वाटली, गाव जावळी तालुक्यातले निघाले. मी त्यास जलव्याल दाखविले. तो म्हणाला, "त्यास्नी काय बी नाव न्हाई आमच्यात. पर त्यो मोर हाय न्हवं, त्यो आमचा खुणंचा. गावाकडनं नवा माणूस यायचा असला की सांगतो, बाहीर ये अन् मोराखाली उभा ऱ्हा, हालू नगंस. माझा बा बी मला मोराखालीच गावला हुता." मला हे ऐकून फार बरे वाटले. ज्याने तो मोर कोरला त्याला आपल्या कामाचा असा उपयोग स्वप्नातही सुचला नसेल, आणि तरी दगडाच्या मोराने पिढ्यान् पिढ्या बाप-लेकांची गाठ घालून द्यावी, याहून अधिक मानाचे काम ते कोणते?

दुपारी पाऊस रिमझिमीवर आला तेव्हा ओव्हलच्या कडेने चालत गेलो. उच्च न्यायालयाच्या इमारतीत, जनरल फुलरच्या आराखड्यावरून जी १८७८ साली पुरी झाली, एका खांबाच्या माथ्यावर एक डोळा बांधलेले आणि हाती तराजू धरलेले माकड आहे, आणि वकिली गळपट्टी ल्यालेला कोल्हाही आहे. एका देशी मक्तेदारास तेथल्या कामाबद्दलच्या दाव्यात न्याय मिळाला नाही, म्हणून त्याने आपले गाऱ्हाणे असे दगडात दाखल केले, असे सांगतात. कथा सर्वांस ठाऊक आहे. मी त्यावर अधिक लिहीत नाही.

शेजारच्या विद्यापीठाजवळ मात्र मी रेंगाळलो. सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने लंडनमध्ये बसून केले. त्याने हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही, येथला पाऊस पाहिला नाही. ग्रंथालय व मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या आईचे नाव दिले. १८७८ साली पुऱ्या झालेल्या या २८० फुटी मनोऱ्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातील जातिजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत, आणि त्यांचे नमुने घडविले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने. लंडनच्या नकाशात जेथे एखादा संत किंवा राजा उभा राहावयाचा, त्या कोनाड्यांत आपल्या मुलखातली रस्त्यावरची माणसे, आपापल्या पोशाखात, उभी राहिली. खालून पाहताना मान दुखू लागते, चेहरे पुरते दिसत नाहीत, आणि तरी धोतराच्या निऱ्या व उपरण्याचे पदर ओळखू येतात. स्कॉटचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे. मुकुंद रामचंद्रांचे नाव शाळेतल्या एकाही मुलास मी आजवर ऐकवलेले नाही, याची मला तेथे उभ्या उभ्या खंत वाटली.

या मूर्तींचे दुखणे त्यांच्या दगडातच आहे. भिंतीचा पिवळसर दगड कुर्ला-मालाडकडचा, निबर. कोरीवकामासाठी मात्र काठेवाडातून समुद्रमार्गे पोरबंदरी दगड आणीत, कारण तो खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की छिन्नी त्यात लाकडात चालावी तशी चालते. आपला काळा पाषाण छिन्नीला दाद देत नाही, पण एकदा दिलेली रेघ शतकानुशतके सांभाळतो. पोरबंदरी दगड पहिल्या दिवशी सर्व काही देतो आणि मग दर पावसाळ्यास थोडे थोडे परत घेतो. त्यात चुना आहे, आणि शहराच्या धुराने आंबट झालेले पाणी चुना खाते. २००४ साली बोरीबंदर आणि २०१८ साली ओव्हलभोवतीचा हा सारा परिसर युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविला, २०१५ च्या सुमारास मनोऱ्याची डागडुजीही नेटकी झाली, हे समाधानाचे आहे. तथापि ज्या नाकाची कड एकदा गेली ती गेली, आणि नवीन नाक बसविणाऱ्याने जुन्याचे पाणी कसे पडत होते हे आधी पाहिलेले असावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

परतताना क्रॉफर्ड मार्केटवरून आलो. विल्यम एमर्सनने बांधलेल्या आणि १८६९ साली उघडलेल्या या मंडईच्या दारांवर जॉन लॉकवुड किपलिंगने येथल्या कष्टकऱ्यांची उठावशिल्पे केली आहेत. तो १८६५ साली स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवावयास आला आणि दहा वर्षे मुंबईत राहिला. हात परक्याचा असूनही बैठक, कंबरेचा बाक, डोईवरचे ओझे हे सारे आपले आहे. तेथे मला पुण्याच्या सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीची आठवण झाली. अठराव्या शतकात, पेशवाईत बांधलेल्या त्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. त्या पाथरवटाने टोपीवाला पाहिला आणि देवळावर बसविला. शंभर वर्षांनी टोपीवाल्याने पागोटेवाला पाहिला आणि मंडईवर बसविला. दोघांनी एकमेकांस किती ओळखले ते दगडात उमटले आहे, आणि माझ्या मते त्यात काळा पाषाण अधिक निर्भीड आहे.

संध्याकाळी गाडीला अवकाश होता, म्हणून पुन्हा त्याच कमानीखाली जाऊन, गुडघ्यावर वही ठेवून, ज्या व्यालाच्या ओठातून थेंब सुटत होते त्याचे एक ओबडधोबड चित्र काढले. मला चित्रकला येत नाही. पण जबड्याचे कोन, भुवयांची खाच आणि खालच्या ओठाची ती पुढे आलेली कड मी तीनदा पुसून तीनदा काढली.

ती वही घेऊन गेल्या आठवड्यात मी गावाबाहेरच्या एका पाथरवटाकडे गेलो. तो पाटे-वरवंटे करतो, कधी एखाद्या देवळाच्या पायऱ्या. मुलाच्या नव्या घराला गच्ची आहे, आणि तिच्या पाण्याला मला प्लास्टिकचा नळ लावावयाचा नाही, हे मी त्यास सांगितले. त्याने चित्राकडे पुष्कळ वेळ पाहिले, प्राणी कोणता हे विचारले नाही. "गच्ची केवढी?" त्याने विचारले. मी सांगितली. "मग पाणी जोरानं येणार. जीभ आत घ्यावी लागंल, न्हाईतर धार फाटती." मग बोटाने चित्रातली हनुवटी दाखवून म्हणाला, "आणि हितं खालनं एक आडवी खाच ठिवतो. तुमच्या चित्रात ती न्हाई. खाच नसली तर पाणी फिरून भिंतीवर येतंय." मी मान हलविली. त्याने बाजूला पडलेला एक लांबट काळा धोंडा पायाने उलटा केला, त्यावर पाणी शिंपडून धूळ पुसली, आणि गेरूचा खडा घेऊन जेथे हनुवटी यावयाची तेथे पहिली रेघ ओढली.